सात खणांतल्या गोळ्या

मी पानाचा डबा. पितळेचा, वीतभर लांबीचा. झाकणावर वेलबुट्टी होती, ती हात फिरून फिरून पार पुसून गेली. भूम तालुक्यातल्या एका लहानशा गावात, मालनबाईंच्या घरी, खिडकीच्या फळीवर माझी जागा. आजवर मी माणसांचं ऐकत आलो. आज माझं थोडं ऐका. मी सावकाश बोलेन, कारण मला तसंच बोलता येतं.

बार्शीत एका तांबटाच्या हाताखाली माझा जन्म झाला. मार किती खाल्ला त्याला गणती नाही. पण तो म्हातारा तांबट प्रत्येक ठोक्याआधी जागा बोटानं चाचपायचा. मारणाऱ्यानं इतकी काळजी घेतलेली मी पुढं कुठं बघितली नाही. त्यानं माझ्या पोटात सात खणांची ताटली बसवली. चुना, कात, सुपारी, लवंग, वेलदोडा, बडीशेप, तंबाखू. ताटली उचलली की खाली ओल्या फडक्यात पानं.

मला घरी आणलं मालनबाईंच्या सासूनं, दगडाबाईंनी. डोक्यावरच्या पाटीत घालून आणलं. पण दगडाबाईंच्या काळात मी अर्ध्या गावाला परका होतो. वरच्या आळीतली माणसं कामाचा सांगावा घेऊन यायची, अंगणातच उभी राहायची. दगडाबाईंनी मला पुढं केलं की म्हणायची, "नगं नगं, आत्ताच खाल्लं." तोंड तर कोरडं ठणठणीत दिसायचं. मी नवा होतो. मला वाटायचं, माझ्या पितळेतच काही खोट असेल. खोट कशात होती ते फार उशिरा उमगलं.

मग मालनबाई सून होऊन आल्या. आणि एका दुपारी वरच्या आळीतली शिवकांताबाई खुरपणीवरनं परतताना ओट्यावर टेकली. तीही तेव्हा नवी नवरीच. मालनबाईंनी बिचकत मला पुढं सरकवलं. शिवकांताबाईनं न बोलता पान उचललं, चुना फासला, तोंडात टाकलं. मालनबाई बघतच राहिल्या.

"चुना जास्त झाला का वं?"

"लई झाला की! तोंड भाजलं माझं. पन सुपारी ग्वाड हाय."

दोघी हसल्या. त्या दिवसापासून मालनबाईंच्या हाताला एक वळणच पडलं. कुणी टेकलं की "बसा" म्हणायच्या आधी मी पुढं. आलेल्या माणसासमोर माझं झाकण मिटलेलं राहिलं, असं एकदाही झालं नाही. कुणी हात आत घातला की त्यांच्या तोंडावर जे यायचं, ते मी जवळून बघितलंय. ते पानाचं सुख नव्हतं.

वर्षं गेली. दगडाबाई गेल्या. मालनबाईंचे मालक आबाराव एसटीत कंडक्टर होते, ते पेन्शनीत आले. मुलगा साखर कारखान्यावर वेल्डर झाला, आठवड्यानं घरी येतो. त्याची बायको श्रावस्ती गावातल्या अंगणवाडीत सेविका आहे. घर नीट चाललं होतं.

गेल्या उन्हाळ्यात पहिल्यांदा मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मालनबाईंनी पानाला चुना लावला आणि परत लावला. तोंड भाजलं तरी त्यांना कळलं नाही. मग एके दिवशी कोरडं पानच दुमडून पाहुण्याला दिलं. मग मला उघडून त्या नुसत्या बघत बसायला लागल्या, जणू माझ्यात कुणीतरी बसलंय. माझ्या अंगावरनं फिरणारा तो हात मला अनोळखी वाटायला लागला. श्रावस्तीला त्या आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाका मारायच्या. आबाराव ताटावर बसले की विचारायच्या, "हे कोन पाव्हनं आल्यात?"

लोक म्हणाले, वय झालं. कुणी म्हणालं, म्हातारचळ. एकानं कुठल्याशा देवऋषाचं नाव सुचवलं तेव्हा आबाराव उठून उभे राहिले. "आमच्या घरात असलं चालत न्हाय. दवाखाना असंल तर सांगा, न्हायतर च्या पिऊन जावा."

विहारात वंदना चालू असताना मालनबाई मधेच उठल्या, काहीतरी पुटपुटल्या आणि धाडकन पडल्या. हातपाय झटके द्यायला लागले. त्याच दिवशी त्यांना सोलापूरला नेलं.

तिथं काय झालं ते श्रावस्ती शेजारणींना सांगत होती, तेव्हा मी ऐकलं. पाठीच्या मणक्यातनं पाणी काढलं. डोक्याचा मोठा फोटो काढला. मेंदूला सूज होती. कालपरवाची नाही, आतल्या आत महिनोन् महिने धुमसत आलेली. जंतूंची म्हणावी तर तसंही नाही. अंगात जी राखण असते ना, बाहेरच्या रोगाला हुसकावणारी, तीच उलटली होती आणि घरच्याच माणसाला चावायला लागली होती.

औषध होतं. बारक्या पांढऱ्या गोळ्या, सूज उतरवणाऱ्या. पहिल्यांदा दिवसाला आठ, मग सहा, मग चार. कमी करायच्या त्या डॉक्टरांनीच, अगदी धिम्या पावलानं. मधेच तोडल्या तर सूज दुणावून परत येते आणि एवढ्या दिवसांची सवय लागलेलं अंगही कोसळतं, असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं होतं. आणि तंबाखू बंद. पान बंद.

म्हणजे मीही बंद. जन्मात पहिल्यांदा माझे सातही खण रिकामे झाले.

पण श्रावस्ती हुशार पोर. तिनं बघितलं की मालनबाईंना गोळ्यांची पाकिटं कळत नाहीत, वार ध्यानात राहत नाही, पण हात मात्र न चुकता माझ्याकडं येतो. तिनं मला चिंचेनं घासून लख्ख केलं. सात खण, सात वार. चुन्याचा खण सोमवार, काताचा मंगळवार, सुपारीचा बुधवार. दर रविवारी पाकिटातनं गोळ्या काढून ती खण भरायची.

"आत्या, सकाळी न्याहारी झाली की आज कुठला खण?"

"कळतंय गं मला. सुपारीचा."

आबाराव म्हणाले, "पोरी, ज्या मेंदूला दवाखान्यात दहा सवालांची उत्तरं येईनात, त्याला सुपारीचा खण बरूबर ठावा हाय बघ."

मलाही अभिमान वाटला. त्याची आज लाज वाटते.

गोळ्यांनी गुण दिला. पाऊसकाळ सरला तशा मालनबाई हळूहळू घरी परत आल्या. म्हणजे शरीरानं घरातच होत्या, पण मन परत आलं. आबारावांना ओळखलं. श्रावस्तीला तिच्या नावानं हाक मारली, तेव्हा ती पोर चुलीकडं तोंड करून रडली. तोंड मात्र गोल गरगरीत झालं. भूकही सपाटून लागायची.

बायका चेष्टा करायच्या. "मालनबाई, दवाखान्यात व्हता का बाळतिणीच्या खोलीत? गाल बघा, ताज्या भाकरीवानी!"

"तुला बी जायचंय का? झटका यावा लागतुया आदी," मालनबाई म्हणायच्या.

तरीपण एक गोष्ट मला दिसायची. बायका टेकायच्या, आणि मालनबाईंचा हात माझ्याकडं यायचा, आणि मधेच थांबायचा. द्यायला काही नव्हतं. त्या हात पदरात ओढून घ्यायच्या. महिनोन् महिने लोक त्यांच्याकडं कीव म्हणून येत होते. देणारी बाई घेणारी झाली होती.

मग ज्वारीची काढणी आली. ज्यांनी ज्वारी काढली नाही त्यांना सांगतो, दिवसभर वाकून ज्वारीचं ताट न् ताट मुळासकट हातानं उपटायचं असतं. त्या दिवसांत गावातली निम्मी माणसं भिंतीला धरून चालतात. शिवकांताबाई एका सकाळी कण्हतच ओट्यावर बसली. श्रावस्ती अंगणवाडीत गेलेली. आबाराव दळण घेऊन गेलेले.

"मालनबाई, गुडघं तुटाय लागल्यात माझं. आज उठाय यीना."

मालनबाईंनी मला पुढं सरकवलं. या वेळी हात थांबला नाही.

"पान तर न्हाय गं माझ्याकडं. ही घे. ह्या गोळीनं माझं बी गुडघं जाग्यावर आलं. डोक्यासाठनं घेतीया, पन गुण समद्या अंगाला."

खोटं नव्हतं. सूज उतरवणारी गोळी, ती गुडघ्याचीही उतरवते. शिवकांताबाईनं माझ्या खणात बोटं घातली, जशी पहिल्यांदा घातली होती तशीच, आणि एक गोळी उचलली. दुसऱ्या दिवशी ती पळत आली.

"अगं माय, जादू म्हनू का काय म्हनू! काल चार सऱ्या जास्त काढल्या म्या!"

मालनबाईंच्या तोंडावर ते जुनं सुख परत आलं. ते बघून मी काय वाईट चिंतणार? मला तर बरंच वाटलं.

शिवकांताबाई रोज यायला लागली. मग धुळाप्पा आले, मेंढरांमागं जन्म गेलेला म्हातारा. कंबर धरून, काठी टेकत.

"वहिनी, ऐकलंय तुमच्या डब्यात लई दम हाय."

"बसा की अप्पा. घ्या."

मग आणखी चार-पाच घरं. गावात माझं नाव निघायला लागलं. भूमच्या बाजारातल्या औषधापेक्षा मालनबाईंचा डबा भारी, असं लोक बोलायचे. दिवसाच्या चार गोळ्या असायच्या. मालनबाई आधी पाहुण्याला द्यायच्या, उरेल ती आपण घ्यायच्या. रोज एक उरायची. कधी कुणी विचारलंच, "तुम्हाला कमी पडत्यात का?" तर म्हणायच्या, "म्या बरी झाले की आता."

 डॉक्टरीणबाईंचे शब्द मला ठाऊक होते. पण डब्याला तोंड कुठं असतं? मला झाकण आहे. ते दुसऱ्याच्या हातानं उघडतं.

रविवारी श्रावस्ती मला उघडायची, सातही खण रिकामे बघायची आणि खुश व्हायची.

"शाब्बास आत्या! एक बी चुकली न्हाय."

मालनबाई लहान मुलासारख्या हसायच्या. रिकामा खण गोळी कुठं गेली ते सांगत नाही हो. तो नुसता रिकामा असतो.

पाचव्या आठवड्यात मालनबाईंनी मंगळवारी शुक्रवारचा खण उघडला. पुढच्या दिवशी सकाळी उलटी झाली, उठताना तोल गेला. आबाराव म्हणाले पित्त असेल, उन्हं वाढलीत. सहाव्या आठवड्यात त्या कुणी आलेलं नसताना मला पुढं सरकवून बसल्या आणि समोरच्या मोकळ्या जागेला म्हणाल्या, "घे की गं आक्का. लाजतीस काय?"

आक्का म्हणजे त्यांची मेलेली बहीण. दुपारचं लख्ख ऊन होतं. भिंतीवर फक्त एकीची सावली होती. मी इतका कधी घाबरलो नव्हतो.

सोलापूरला परत नेलं. श्रावस्तीनं मला पिशवीत घालून बरोबर घेतलं, आपली युक्ती डॉक्टरांना दाखवायला. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर मला ठेवलं.

"गोळ्या वेळेवर घेतात?"

"एक बी चुकली न्हाय मॅडम. दर रविवारी म्या सोता बघते. खण मोकळे असत्यात."

डॉक्टरीणबाईंनी नवे फोटो उजेडाला धरले.  मग म्हणाल्या, "गोळ्या पूर्ण घेऊनसुद्धा सूज परत आली असेल, तर या गोळ्या यांना पुरत नाहीत. दुसरं औषध आहे, सलाईनमधून द्यायचं. ते सूज मारतं. पण अंगाची राखणच झोपवून टाकतं. मग साधा खोकलासुद्धा जिवावर बेततो. या वयात ते मी सहजासहजी देणार नाही."

तेवढ्यात मालनबाईंचा हात टेबलावर आला. माझं झाकण उघडलं. मी पुढं सरकलो.

"घ्या की बाई एक. दिसभर हुभ्या ऱ्हाता तुमी. गुडघं दुखायचं ऱ्हातील."

 डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून त्यांच्या जवळ बसल्या. "आजी, अजून कुणाला दिल्या?"

"गावाला," मालनबाई हसून म्हणाल्या. "आपुन म्हाग न्हाय सरत."

"किती दिल्या?"

मालनबाईंनी खूप विचार केला. मग डॉक्टरीणबाईंचा हात धरून म्हणाल्या, "आक्का, तू कवा आलीस?"

त्यांना भरती करून घेतलं. सुया सुरू झाल्या. आबाराव त्यांच्याजवळ थांबले. डॉक्टरीणबाई श्रावस्तीला म्हणाल्या, "गावात जाऊन विचारा. नेमक्या किती वाटल्या, किती यांच्या पोटात गेल्या. थोड्याच वाटल्या असतील तर गोळी हरली, ते दुसरं औषध द्यावंच लागेल. बऱ्याच वाटल्या असतील तर गोळी हरलेली नाही, त्याच परत नीट देऊ. शनिवारपर्यंत आकडा द्या. आणि ज्यांनी रोज खाल्ल्या त्यांनाही एकदम बंद करू नका म्हणावं. आधी तपासून घ्या."

श्रावस्ती गुरुवारी मला घेऊन गावात आली. मी ओट्यावर, ती वही घेऊन दारोदार. पण तिच्याआधी बातमी पोचली होती.

"मेंदूची गोळी व्हती म्हनं ती!" "म्हंजी खाल्ली त्याला याड लागतंय का?" "अंगणवाडीची बाई नावं लिवतीया, वर पाठवनार."

धुळाप्पांच्या दारापर्यंतचं मला ओट्यावरनं दिसतं आणि ऐकू येतं. त्यांचं तोंड गोल झालं होतं, मालनबाईंसारखंच. साखरेचा आजार जुना, आणि आता पायाला फडकं बांधलेलं, जखम भरत नव्हती.

"अप्पा, खरं सांगा. तुमच्याच जिवाचं बी हाय."

"म्या? त्या डब्याला म्या कवा हात लावला?" ते दुसरीकडं बघत म्हणाले. "तुमच्या घरचं म्या कवा काय खाल्लंय का?"

श्रावस्ती जागच्या जागी उभी राहिली. हे वाक्य या गल्लीत फार जुनं आहे. तिनं ते आपल्या सासूच्या तोंडून ऐकलं होतं, मी ते माझ्या कानानं ऐकलंय. तरी पोरीनं आवाज चढवला नाही. म्हणाली, "अप्पा, जातीचं न्हाय इचारत. गोळीचं इचारते."

म्हातारा खूप वेळ फडक्याशी चाळा करत बसला. "एक खाल्ली असंल. एकदाच. ती बी अर्धी थुकली."

तिनं वहीत लिहिलं, अर्धी.

शिवकांताबाई दळत बसली होती म्हणे. तिनं मान वर केली नाही. "दोन. व्हय, दोनच घेतल्या. मालनबाईनंच बळं दिल्या." आणि मग हळूच, "कशी हाय गं ती?"

"वळखत न्हाय काकू कुणाला."

शिवकांताबाईनं जातं परत फिरवायला घेतलं. बाकीच्या घरांनी एक, एक, दोन असं सांगितलं. लाज झाकायला जेवढं लुगडं लागतं, तेवढंच प्रत्येकानं खरं सांगितलं.

आज शुक्रवार. दुपारी आबाराव कपडे न्यायला आले, तिकडं मुलगा थांबलाय. श्रावस्तीनं वही त्यांच्यापुढं धरली.

"मामा, साडेआठ झाल्या. समद्या गावाच्या मिळून साडेआठ."

"म्हंजी?"

"म्हंजी बाकीच्या आत्यांच्या पोटात गेल्या. म्हंजी गोळी हरली."

आबारावांनी आकड्यांवरनं बोट फिरवलं. "पोरी, तिकीट न काढलेलं मानूस कंडक्टरच्या डोळ्याला डोळा देत न्हाय. आज गावातनं येताना मला एकानं बी दिला न्हाय."

"त्या आकडा मागत्यात मामा. संशय लिवून कसा देऊ?"

श्रावस्तीनं वही माझ्या शेजारी ठेवली.

मला शाळा नाही. मी विसांनी मोजतो, जशी जुनी माणसं मोजायची. शिवकांताबाईच्या दोन विसा आणि दोन. धुळाप्पांच्या दीड वीस. बाकीच्या घरांच्या मिळून अडीच विसा आणि चार. सगळ्या मिळून सहा विसा आणि सहा गोळ्या माझ्यातनं गावात गेल्या. मालनबाईंच्या पोटात फक्त दोन विसा आणि दोन. प्रत्येक बोट मी ओळखतो. कुणाचं नख तुटलेलं होतं, कुणाच्या बोटाला ज्वारीचा चीक होता, तेही सांगेन. फक्त मला कुणी ऐकत नाही.

तुम्ही ऐकलंत, म्हणून तुम्हाला विनवतो. कुणाच्या औषधातलं घेतलं असेल, तर सांगायच्या वेळी कमी करून सांगू नका. घेतलं त्याचा राग कुणाला नाही. देणारीला तर आनंदच झाला होता.

आता दिवस कलला आहे. काढणीवरनं बायका परत येतायत, डोक्यावर कडब्याच्या पेंढ्या. ओट्यासमोरनं जाताना प्रत्येकीची मान पलीकडं वळते. शिवकांताबाई सगळ्यांत मागं आहे. तिचे गुडघे परत धरलेत, ती लंगडतेय. दारासमोर ती थांबली आहे. आत वळली नाही, पुढंही गेली नाही.

श्रावस्ती आत पिशवी भरतेय. सकाळी साडेसहाची सोलापूर गाडी आहे. वही माझ्या शेजारीच उघडी पडली आहे, पेन वहीतच आहे.

बाई, आकडा खोडता येतो. गाडी सुटायच्या आत खोडता येतो.